मंगळवारची हॉटडिश

आर्लिस टॉलेफसनने परतलेला टर्कीचा खिमा चाळणीत ओतला आणि त्यावर किटलीतलं उकळतं पाणी सोडलं. खिमा मुळातच चरबी काढलेला होता. पाकिटावर तसं तीन ठिकाणी लिहिलं होतं. पण पाकिटावर छापलेल्या शब्दांवर आर्लिसचा फारसा भरवसा नव्हता, आणि उरल्यासुरल्या चरबीला संधी देण्याची तिची तयारी नव्हती. खिम्याने थोडी वाफ सोडली, करडा रंग धरला आणि निमूट पडून राहिला.

"बिचारा," स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभा असलेला वेंडल म्हणाला. "मेल्यावरही आंघोळ चुकली नाही त्याची."

"तू बस. पाच मिनिटांत ओव्हनमध्ये जाईल."

"मी कुठे घाई करतोय."

घाई तो करत नव्हता, हे खरं. पूर्वी मंगळवारी साडेपाच वाजले की तिचा नवरा हाक मारायच्या आत टेबलाशी येऊन बसायचा आणि ओव्हनच्या काचेकडे टीव्ही लागल्यासारखा बघत राहायचा. आता तो चौकटीला टेकून उभा होता. बसायचं की नाही, हे ठरवायला त्याला वेळ लागत होता.

आर्लिसने काचेच्या लांबट भांड्यात तळाशी मक्याच्या टॉर्तिया फाडून पसरल्या. त्यावर खिमा, काळा राजमा, टोमॅटो आणि टाको मसाल्याचं अर्धं पाकीट. अख्खं पाकीट त्या घरात एकदाच पडलं होतं, एकोणिसशे अठ्ठ्याण्णव साली, आणि पाहुण्यांना पाणी द्यावं लागलं होतं. क्रीमच्या जागी बिनसायीचं घट्ट दही. सगळ्यात वर कमी चरबीचं चीज, जे वितळत नाही, नुसतं घामेजतं. उरलेला देश असल्या पदार्थाला कॅसरोल म्हणतो. मिनेसोटात त्याला हॉटडिश म्हणतात. दुसरं नाव घेणाऱ्याला कोणी टोकत नाही. हा कुठून आला असेल, एवढाच अंदाज मनातल्या मनात बांधतात.

या हॉटडिशचा जन्म एप्रिलमधला. क्लिनिकमधल्या तरुण डॉक्टरने वेंडलचे कागद चाळून सांगितलं होतं की ख्रिसमसपर्यंत तीस पौंड उतरवा, नाहीतर हृदयाची मी हमी देत नाही. वेंडल हसला होता. आर्लिस हसली नव्हती. तिने ते वाक्य घरचा अभ्यास दिल्यासारखं वहीत लिहून घेतलं. वेंडल एकटाच तिचा होता. मूलबाळ नव्हतं, आणि बेचाळीस वर्षांत तिने रोजचं टेबल दुसऱ्या कोणासाठी मांडलं नव्हतं. त्याचं हृदय बंद पडू द्यायचं नाही, एवढं एकच काम तिच्यापुढे होतं, आणि ते करायला तिच्याकडे ओव्हन होता.

फ्रिजवर बियाणं कंपनीचं कॅलेंडर होतं. दर शनिवारी सकाळी, न्याहारीआधी, वेंडल बाथरूममधल्या काट्यावर उभा राहायचा आणि आर्लिस लाल पेनने आकडा लिहायची. एप्रिल, दोनशे छत्तीस. मे, दोनशे एकोणतीस. वेंडलने चौतीस वर्षं गावच्या धान्यकोठारावर मक्याचे आणि सोयाबीनचे ट्रक तोलले होते; काट्यापुढे तो गंभीर व्हायचा. "बरोबर आहे," असं तो स्वतःच्या वजनालाही म्हणायचा.

ऑगस्टअखेर तीस पौंड पुरे झाले. आर्लिसने डॉक्टरला कळवलं नाही, पण कॅलेंडरवरच्या आकड्याभोवती गोल काढला. आणि मग गंमत अशी झाली की वजन थांबलंच नाही. दोनशे तीन. दोनशे. एकशे अठ्ठ्याण्णव. दिलेल्याहून जास्तीचा अभ्यास करून आणणारं पोर वर्गात एखादंच असतं, आणि ते आपलं निघालं की आईची मान आपोआप वर जाते. आर्लिसची मान वर गेली.

चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी असते. तिथे बायका आर्लिसभोवती जमू लागल्या.

"अडतीस पौंड? नुसत्या हॉटडिशने?"

"आणि संध्याकाळचं चालणं. पण मुख्य हॉटडिश."

"माझ्या घरी चीज कमी केलं तर मोर्चा निघेल."

"सांगायचंच नाही," आर्लिस म्हणाली. "वाढायचं आणि बघायचं नाही."

चर्चला सव्वाशे वर्षं होत होती आणि नोव्हेंबरच्या बाजारासाठी पाककृतींचं पुस्तक निघणार होतं. पूर्वी अशी तीन पुस्तकं निघाली होती. तिन्हींत आर्लिसचं नाव कुठेच नव्हतं, कारण तिच्याकडे कोणी मागितलं नव्हतं आणि न मागता देणं तिथल्या रीतीत बसत नाही. या वेळी मागितलं गेलं. पान एकेचाळीस: टॉलेफसनांची हलकी टाको हॉटडिश. खाली एक ओळ तिने स्वतः सुचवली होती: "ही खाऊन वेंडलने अडतीस पौंड उतरवले."

पुस्तक टाइप करण्याचं काम डोरीन हॅगनकडे होतं. डोरीन एकतीस वर्षं जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नर्स होती. आता निवृत्त होती, पण कोणी खोकलं की अजूनही मान वळवायची. त्या रविवारी ती कॉफीचा कप घेऊन वेंडलजवळ गेली आणि त्याचं मनगट धरलं.

"घड्याळ नवं का रे?"

"वीस वर्षांचं आहे."

"छान आहे," डोरीन म्हणाली आणि मनगट सोडलं नाही. ती स्वतःच्या घड्याळाकडे बघत होती. मग तिने त्याला तलावाच्या उतारावर उघडणाऱ्या खिडकीकडे वळवलं, बाहेर पाण्यावर बदकं आलीत का, असं विचारलं, आणि तो बदकं शोधत असताना त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

आर्लिसला ते दिसलं. चर्चच्या तळघरात असं धीट वागणं तिला रुचलं नाही, पण वेंडल आता देखणा दिसू लागलाय, हे तिने मनात नोंदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, दारावर टकटक झाली. बाहेर डोरीन होती आणि तिच्या हातात हॉटडिश होती.

आर्लिस दारातच थबकली. त्या गावात हॉटडिश दुसऱ्याच्या दारात तीनच कारणांनी जाते: मूल झालं, ऑपरेशन झालं किंवा माणूस गेला. शिवाय आपापल्या काचेच्या भांड्याखाली चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं, म्हणजे भांडं परत येतं. डोरीनने आणलेलं भांडं ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं होतं, वापरून फेकायचं. भांडी परत करायचं भान घरात कोणाला राहणार नाही, अशी खात्री असते तिथे तसलं भांडं जातं.

"कोण गेलं?" आर्लिसने विचारलं.

"कोणी नाही गं. जास्तीची झाली, म्हणून आणली."

"तुझ्या एर्लच्या घरात जास्तीची होते?"

डोरीनचा नवरा एर्ल दोनशे सत्तर पौंडांचा होता. डोरीन हसली नाही. ती आत आली, टेबलाशी बसली, आणि आर्लिसने कॉफी दिल्यावर दुसऱ्या नकारानंतर ती घेतली.

"वेंडल?"

"गॅरेजमध्ये. आरामखुर्ची तिकडे नेलीय त्याने. रात्रीही तिच्यातच झोपतो. पाठ."

"काय होतं पाठीला?"

"पासष्ट वर्षं होतात."

डोरीनने कप फिरवला. "पुढे वाकून बसलं की बरं वाटतं का त्याला?"

"हो. तुला कसं माहीत?"

"अंदाज." मग थोड्या वेळाने, "क्लिनिकमध्ये जाऊन आला का इतक्यात?"

"एप्रिलमध्ये. डॉक्टर तीस म्हणाला होता, यानं अडतीस केले. आता काय शाबासकी घ्यायला जायचं?"

डोरीनने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. कापलेल्या मक्याचे खुंट होते आणि त्यांच्यावर आभाळ बेतानेच उभं होतं.

"पुस्तकातली ती पौंडांची ओळ," ती म्हणाली. "ती नको टाकूया, असं वाटतं मला. नुसती कृती छापू."

"का? पानावर जागा नाही?"

"जागा आहे."

एवढं बोलून ती थांबली. दुसऱ्या मुलखात माणसं याच जागी टेबलावर मूठ आपटतात. आर्लिसलाही ते कळलं, पण तिने त्याचा अर्थ सोयीचा लावला: एर्ल दोनशे सत्तर पौंडांचा आहे, आणि मत्सर नर्सलाही होतो. डोरीन गेल्यावर तिने ते पत्र्याचं भांडं डीप फ्रीजच्या तळाशी, गोठवलेल्या मटारांखाली ढकललं आणि झाकण जरा जोरात लावलं.

मग कॉफीचे कप विसळायला लागली. एक कप विसळून झाला. दुसरा हातात धरून ती नळाशी उभी राहिली. बऱ्याच वेळाने ती गॅरेजच्या दारापर्यंत गेली आणि काचेतून आत पाहिलं. वेंडल खुर्चीत होता. कोपर गुडघ्यांवर, कपाळ तळहातांवर. झोपलेला माणूस असा बसत नाही. त्याच्या शर्टाची कॉलर मानेपासून इतकी सुटली होती की मधून दोन बोटं सहज गेली असती. लग्नाच्या अंगठीला आतून चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तिनेच गुंडाळून दिली होती, ऑगस्टमध्ये, हसत हसत.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात ती टर्कीच्या कपाटापुढे उभी राहिली आणि मग दोन पावलं डावीकडे सरकली. बीफचा खिमा, भरपूर चरबीचा. पूर्ण सायीचं चीज. क्रीमचा मोठा डबा. मक्याचे तळलेले चिप्स. आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही ना, हे पाहून तिने वर कोबी ठेवला. घरी रिकामी पाकिटं तिने कॉफीच्या चोथ्याखाली दडवली. तिचा विचार सरळ होता: हॉटडिशने वजन उतरवलं असेल, तर हॉटडिश ते चढवेलही. आणि ते चढलं, तर डोरीनला फोन करून ओळ टाकायला सांगायची, मग आकडा थोडा कमी असला तरी चालेल.

संध्याकाळी वेंडलने पहिला घास घेतला, चावला, गिळला.

"वाईट नाही," तो म्हणाला.

नवऱ्यांनी देण्यासारखं त्या मुलखातलं हे सगळ्यात मोठं प्रमाणपत्र. पण त्याने अर्धी बशी ठेवली. दुपारी गॅरेजमध्ये चिवडा खाल्ला, म्हणाला.

त्या शनिवारी वेंडल काट्यावर पँटसकट चढला.

"काढ ना," आर्लिस म्हणाली. "आजवर कधी कपड्यांत केलंय?"

"गारठलोय. पँट काय शंभर पौंडांची आहे? सोड अर्धा पौंड हवं तर."

एकशे अठ्ठ्याण्णव. मागच्या शनिवारइतकंच. आर्लिसने आकडा लिहिला आणि तिच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं. पुढचा मंगळवार, पुन्हा बीफ. पुढचा शनिवार, पुन्हा पँट. एकशे अठ्ठ्याण्णव. थांबलं होतं. ती पेन धरून फ्रिजपुढे उभी राहिली आणि चर्चमधल्या एका प्रार्थनेची चाल गुणगुणू लागली. आपण गुणगुणतोय हे तिला उशिरा कळलं. तिसऱ्या मंगळवारी तिने चीज दुप्पट घातलं. तिसऱ्या शनिवारी एकशे सत्त्याण्णव.

"बरोबर आहे," वेंडल म्हणाला. पँट दाराच्या खुंटीला अडकवून तो शॉवरखाली गेला.

आर्लिस धुण्याचे कपडे गोळा करायला आत आली. वेंडल पडद्याआड होता, पाणी सुरू होतं. तिने पँट खुंटीवरून काढली आणि पँट तिच्या हातातून निसटता निसटता राहिली. कापड इतकं जड नसतं.

डाव्या खिशात शिशाची गोल वजनं होती, खोल पाण्यात गळ सोडायला लावतात तसली. चार. उजव्या खिशात लोखंडी पाना. मागच्या खिशात आणखी दोन वजनं, रुमालात बांधलेली, वाजू नयेत म्हणून.

तिने सगळं पँटसकट काट्यावर ठेवलं. नऊ पौंड.

काटा पाहायला तिला वाकावं लागलं होतं, आणि ती तशीच वाकलेली राहिली. चौतीस वर्षं हा माणूस कोठारावर बसला होता. ट्रकच्या तळाशी ओली वाळू भरून आणणारे शेतकरी तो दुरून, टायरांवरून ओळखायचा, आणि घरी येऊन जेवताना त्यांच्या नकला करायचा. तीन आठवडे तिने बशीत चरबी घातली होती आणि त्याने खिशात शिसं. एकाच घरात, एकाच काट्यावर, एकाच बाजूला. आणि दोघांनी मिळून जोर लावूनही काटा एक पौंड खाली आला होता.

शॉवरचं पाणी थांबलं. तिने वजनं घाईने खिशांत भरली, पँट खुंटीला लावली आणि बाहेर येऊन कॅलेंडरवर एकशे सत्त्याण्णव लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

रविवारी दोघं चर्चमध्ये गेली. डोरीनने लांबून हात केला. आर्लिसने हात केला. सोमवारी तिने खिडक्या पुसल्या. कसं विचारायचं, हे तिला सुचत नव्हतं. बेचाळीस वर्षांत त्या घरात कोणी कोणाला सरळ काही विचारलं नव्हतं. त्याची गरजही पडली नव्हती, असं तिला आजवर वाटत होतं.

मंगळवारी साडेपाचला तिने हॉटडिश टेबलावर ठेवली. चीजला वरून सोनेरी फोड आले होते आणि कडांनी तूप सुटावं तशी चरबी सुटली होती. यात आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. वेंडलने टेबलाची कड धरून बैठक घेतली. प्रार्थना म्हटली. पहिला घास घेतला.

"यात बीफ आहे," आर्लिस म्हणाली. "चरबीचं. चीजही खरं. क्रीमसुद्धा. चौथा आठवडा आहे."

वेंडल चावत राहिला. गिळायला त्याला वेळ लागला.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या घासापासून. चव आली होती त्याला."

आर्लिसच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला आणि मधेच थांबला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू तरी खिशांचं कुठे बोललीस? पाना तू डाव्या खिशात ठेवलास. मी उजव्यात ठेवतो."

ओव्हन निवताना आतला पत्रा टकटक करत होता. वेंडलने काटाचमचा बशीच्या कडेला सरळ रेषेत ठेवला.

"सप्टेंबरमध्ये मी नळाची चकती आणायला गेलो होतो ना," तो म्हणाला. "गेलो नव्हतो. क्लिनिकमध्ये गेलो होतो."

"तरीच नळ गळतोय."

"हं."

"काय म्हणाले?"

"फोटो काढला पोटाचा. त्यात काहीतरी आहे म्हणाले. इथं कळणार नाही, शहरात मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. तारीख दिली."

"कधीची?"

"त्याच महिन्यातली. मी पुढे ढकलली." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "मग आणखी एकदा ढकलली."

तिने विचारलं नाही, तरी त्याने उत्तर दिलं.

"पुस्तक येऊ दे म्हटलं. नोव्हेंबरचा बाजार होऊ दे. तीन पुस्तकं झाली त्यांची, तुला एकदाही विचारलं नाही. आता कुठे एक पान मिळालं. त्या पानावर मीच आहे, आर्लिस. माझ्याखेरीज त्यात आहे काय? टर्की आणि दही."

डोक्यावरच्या दिव्यात त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग जुन्या कागदासारखा पिवळा दिसत होता. दिवा तोच होता, वीस वर्षांपूर्वी तिनेच निवडलेला. तिने आजवर दोष दिव्याला दिला होता.

"आता कधीची आहे तारीख?"

"परवा. गुरुवार. अजून ढकललेली नाही."

"किती वाजता?"

"साडेआठ."

"म्हणजे सव्वापाचला निघायला हवं. हरणं आडवी येतात." तिचा आवाज बाजाराची यादी वाचताना असतो तसा होता. "गाडी मी चालवीन. रस्त्यात खायला काहीतरी बांधून घेते."

"नको. उपाशीपोटी यायला सांगितलंय. बुधवारी संध्याकाळी सहानंतर काही नाही."

"पाणी?"

"पाणीही नाही."

आर्लिसने मान हलवली. तिने समोरचा रुमाल उचलला, त्याची घडी मोडली आणि पुन्हा तीच घडी घातली.

"म्हणजे उद्या सहापर्यंत खाता येईल."

"येईल."

"काय करू?"

वेंडलने विचार केल्यासारखं केलं.

"काहीही कर," तो म्हणाला. "मी खाईन."

त्याच्या बशीत पहिला घास गेलेली खाच होती. बाकी सगळं जसं वाढलं होतं, तसंच होतं.